नवा टॅब्लेट परिग्रह-परिमाणाच्या तराजूत



पर्युषण पर्व संपले, क्षमावाणी झाली आणि बाजाराला दिवाळीचे वेध लागले. वहीपूजनासाठी नव्या वह्या सांगून ठेवाव्यात, दुकानातील जुना माल बाजूला काढावा, अशा या दिवसांत एका संध्याकाळी, सूर्यास्तापूर्वीचे जेवण आटोपल्यावर, आमच्या घरात तीन मागण्या एकदम पुढे आल्या. आणि तिन्ही एकाच वस्तूच्या होत्या. ती वस्तू म्हणजे नुकताच बाजारात आलेला एक टॅब्लेट. त्याचे नाव येथे मुद्दाम देत नाही, कारण हा अंक आपल्या हाती पडेपर्यंत त्याहून नवा एखादा आलेला असण्याचा संभव आहे.

चिरंजिवांना तो दुकानासाठी हवा होता. बाहेरगावच्या व्यापाऱ्याला चादरी-टॉवेलांचे नमुने थप्प्या न उलगडता पडद्यावर दाखवता येतील, असे त्यांचे म्हणणे. बारावीत शिकणाऱ्या कन्येला तो अभ्यासासाठी हवा होता. तिसरी मागणी आईची होती. पण आईने ती केलेली नव्हती, माझ्या पत्नीने तिच्यासाठी केली होती. आईचे वय ७६. डोळ्यांच्या पडद्याच्या विकारामुळे गेल्या दोन वर्षांत तिचे वाचन सुटत गेले आहे. चाळीस वर्षे देवदर्शनानंतर नित्यनेमाने स्वाध्याय करणारी ही बाई आता चौरंगावर ग्रंथ उघडते, काही पाने उलटते आणि मिटून ठेवते. कोणी विचारलेच, तर "वाचले" एवढेच म्हणते.

टॅब्लेट घ्यावा की न घ्यावा, आणि घ्यायचा तर कोणासाठी, हा प्रश्न त्या संध्याकाळी सुटला नाही. तो सोडवताना जे शिकलो, ते आपल्यापुढे ठेवीत आहे. कारण हाच प्रश्न या महिन्यात आपल्यापैकी अनेकांच्या घरी निघणार, यात शंका नाही.

कपाटातील पहिला टॅब्लेट

या घरात यापूर्वी एक टॅब्लेट येऊन गेला आहे. २०१२ च्या दिवाळीत तो मीच आणला होता. किंमत ४,५०० रुपये. कंपनीचे नाव आता आठवतही नाही. आपल्याकडे म्हणतात त्याप्रमाणे नव्याचे नऊ दिवस झाले. मुलांनी खेळ खेळले, मी दोन-चार वेळा वर्तमानपत्र पाहिले आणि नंतर तो कपाटात गेला. परवा साफसफाईत सापडला, तेव्हा त्याची पाठ फुगलेली होती. आतील बॅटरी सुजली होती. हिशेब केला, तर नऊ दिवसांच्या वापराला रोजचे ५०० रुपये पडले. एवढ्या भाड्यात त्या काळी बरे वाहन दिवसभर मिळाले असते. मी मात्र तो 'स्वस्तात मिळाला' म्हणून समाधानी होतो.

त्या काळी ही चूक मी एकट्यानेच केली असे नाही. 'स्वस्त टॅब्लेट' या दोन शब्दांनी तेव्हा साऱ्या देशाला भुरळ घातली होती. पहिला आयपॅड २०१० मध्ये अमेरिकेत निघाला आणि भारतात तो जानेवारी २०११ मध्ये विक्रीस आला, तेव्हा त्याची किंमत २७,९०० रुपयांपासून सुरू होत होती. त्याच वर्षी ५ ऑक्टोबरला नवी दिल्लीत केंद्रीय मनुष्यबळ विकासमंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्ते 'आकाश' टॅब्लेटचे अनावरण झाले. डेटाविंड कंपनीने बनविलेल्या या यंत्रासाठी सरकार सुमारे २,२५० रुपये मोजणार होते आणि अनुदानामुळे विद्यार्थ्याला ते जवळजवळ निम्म्या किमतीत मिळावे, अशी योजना होती. हेतू उदात्त होता. ज्या मुलाच्या घरात संगणक नाही, त्याच्या हाती पुस्तकांचे कपाट द्यावे, असा तो विचार होता.

परंतु यंत्र हाती आल्यावर उणिवा दिसू लागल्या. सात इंचांचा पडदा बोटाच्या हलक्या स्पर्शाला दाद देत नसे, तो दाबावा लागे. प्रक्रियक ३६६ मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे त्या काळाच्या मानानेही मंद होता. बॅटरी शाळेच्या एका दिवसालाही पुरणारी नव्हती. वर्षभरानंतर, ११ नोव्हेंबर २०१२ रोजी राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते 'आकाश २' आला, तो बराच सुधारलेला होता: १ गिगाहर्ट्‌झचा प्रक्रियक, हलक्या स्पर्शाला प्रतिसाद देणारा पडदा, आणि किंमत जवळजवळ तीच. या दुसऱ्या टप्प्याची शैक्षणिक बाजू मुंबईच्या आयआयटीत प्रा. दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखाली सांभाळली गेली. तेथे अभियांत्रिकी महाविद्यालयांतील शिक्षकांच्या प्रशिक्षणाशी या यंत्राची सांगड घालण्यात आली, म्हणजे यंत्रासोबत त्याचे कामही दिले गेले.

व्यापाऱ्याने या इतिहासातून दोन गोष्टी टिपून ठेवाव्यात. एक, पहिल्या खेपेच्या ग्राहकाला जे वर्षभर सोसावे लागले, ते दुसऱ्या खेपेच्या ग्राहकाला त्याच पैशांत सोसावे लागले नाही. दोन, किंमत कमी असणे हा खरेदीसाठी पुरेसा हेतू नव्हे. ज्याच्यापुढे काम वाढून ठेवलेले आहे, त्याच्याच हातात यंत्र टिकते.

तीन कामे, तीन कसोट्या

म्हणून मी तिन्ही मागण्यांची कामे वेगळी काढून पाहिली.

प्रथम दुकान. अनेक व्यापारी बंधूंची अशी समजूत असते की टॅब्लेट घेतला की संगणकाची गरज सरली. तसे नाही. आपल्या पेढ्यांवर सर्रास वापरली जाणारी टॅली ही हिशेबप्रणाली मुळात विंडोज संगणकासाठी आहे. टॅब्लेटवर अहवाल पाहण्याची सोय करता येते. परंतु दिवसभराच्या नोंदी, बिले आणि जीएसटीची विवरणे यांसाठी कळफलक आणि संगणक हवाच. राहता राहिले नमुने दाखविणे. ते काम आज दुकानातील मोबाइल करीतच आहे. मोठ्या पडद्यावर चित्र अधिक शोभेल हे खरे. पण त्यामुळे विक्री वाढेल का, हा वेगळा प्रश्न आहे.

दुसरी कन्या. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेता येतात, एनसीईआरटीचीही घेता येतात. त्यांसाठी टॅब्लेटच हवा असे नाही, पण मोबाइलच्या लहान पडद्यापेक्षा त्यावर वाचणे सोयीचे, हे मान्य केले पाहिजे. मात्र बारावीची परीक्षा कागदावर द्यायची असते. गणित सोडवायचे ते वहीत, आकृत्या काढायच्या त्या पेन्सिलीने. शिवाय ज्या पडद्यावर व्याख्यान ऐकायचे, त्याच पडद्यावर एका बोटाच्या अंतरावर करमणुकीचा अखंड ओघ वाहत असतो. मुलीवर अविश्वास दाखवावा म्हणून हे लिहीत नाही. त्या ओघापुढे माझी स्वतःचीही तीच अवस्था होते.

तिसरी आई. येथे मी प्रथम नेत्रतज्ज्ञांना विचारले. त्यांनी स्पष्ट सांगितले की गेलेली दृष्टी कोणत्याही यंत्राने परत येणार नाही. मात्र अक्षर पुरेसे मोठे आणि ठसठशीत मिळाले, तर उरलेल्या दृष्टीचा उपयोग होऊ शकेल. हातातील भिंग फिरविताना ओळ सुटते, हात थरथरतो. पडदा चौरंगावर ठेवता येतो आणि अक्षर हवे तेवढे वाढविता येते. काहींना काळ्या पार्श्वभूमीवरील पांढरे अक्षर अधिक सुखाचे वाटते, तीही सोय आहे.

तरीही येथे एक खाचखळगा आहे, तो ज्येष्ठांसाठी टॅब्लेट घेऊ पाहणाऱ्यांनी अवश्य ध्यानात घ्यावा. आपले बहुतेक जुने ग्रंथ महाजालावर मिळतात ते पानांच्या छायाचित्रांच्या रूपात. असे पान मोठे केले की ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते. जो मजकूर नव्याने टंकित केलेला असतो, तो अक्षर वाढविल्यावर आपोआप नव्या ओळींत बसतो. म्हणून दुकानात जाऊन चकचकीत चित्रे पाहू नयेत. घरातील ज्येष्ठांना जो ग्रंथ वाचायचा आहे, तोच ग्रंथ, तेवढ्याच मोठ्या अक्षरात, त्यांच्याच डोळ्यांनी तेथे वाचून पाहावा.

नव्या मालाचा भाव

आता 'नुकताच आलेला' या विशेषणाविषयी. नवा माल पेठेत उतरला की पहिल्या आठवड्याचा भाव कसा असतो, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. यंत्रांच्या बाजारातही तोच नियम आहे. नवे रूप आले की गतवर्षीच्या रूपाचा भाव उतरतो आणि वाचन, व्याख्यान, पत्रव्यवहार या कामांत दोहोंतील फरक क्वचितच जाणवतो. त्यामुळे नव्या टॅब्लेटच्या आगमनाचा खरा लाभ पुष्कळदा जुना घेणाऱ्यालाच होतो.

मात्र जुने घेताना एक प्रश्न विचारलाच पाहिजे: या यंत्राला सुरक्षेच्या सुधारणा आणखी किती वर्षे मिळणार? त्या थांबल्या की यंत्र बंद पडत नाही, पण बँकेची आणि पैशांच्या व्यवहाराची ॲप्स हळूहळू त्यावर चालेनाशी होतात. याखेरीज चार गोष्टी पाहाव्यात. सिमकार्डाची सोय असलेला टॅब्लेट महाग पडतो. घरी वाय-फाय असेल किंवा मोबाइलवरून जोडणी घेता येत असेल, तर त्याची गरज नाही. साठवण ६४ जीबी लिहिलेली असली, तरी तिचा मोठा भाग प्रणालीच व्यापून बसते. दुरुस्ती सोलापुरात होते की यंत्र पुण्याला पाठवावे लागते, आणि फुटलेला पडदा बदलायला किती पडतात, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. आणि जाहिरातीतील किमतीत आवरण, लेखणी, कळफलक आणि कधीकधी चार्जरही धरलेला नसतो. म्हणून एकूण बेरीज कागदावर मांडल्याशिवाय होकार देऊ नये.

बेरजेचा विषय निघाला, तेव्हा चिरंजिवांनी एक सूचना केली. "बाबा, टॅब्लेट आजीसाठी घेऊ, पण बिल दुकानाच्या नावावर करू. जीएसटीची वजावट मिळेल." टॅब्लेटवर १८ टक्के जीएसटी आहे. मूळ किंमत २०,००० रुपये धरली, तर कर ३,६०० रुपये, एकूण २३,६००. व्यवसायासाठी घेतलेल्या यंत्रावरील हा कर नियमित नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला वजावटीत मिळतो. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्याला मिळत नाही. आणि वस्तू घरच्या वापराची असेल, तर ती वजावट कोणालाही घेता येत नाही. चिरंजिवांचे म्हणणे असे की कोण पाहायला येतो! खरेच, कोणी येणार नाही. परंतु जो टॅब्लेट आगमवाचनासाठी घ्यायचा, त्याची पहिली नोंदच खोटी करायची, हे मला पटले नाही. अचौर्य हे अणुव्रत देवळाच्या पायरीपाशी सुरू होत नाही आणि तेथे संपतही नाही. ते ३,६०० रुपये टॅब्लेटच्या किमतीतच धरायचे, असे ठरले. चिरंजीव काही काळ गप्प बसले. त्यांना ते मनापासून पटले, असे आजही म्हणवत नाही.

यादीत नसलेला परिग्रह

आपल्या आचारग्रंथांत बाह्य परिग्रहाची यादी आहे. शेत, घर, सोने, चांदी, धन, धान्य, वस्त्रे, भांडी असे तिचे घटक. श्रावकाने त्यांची मर्यादा बांधून घ्यावी, हे परिग्रह-परिमाण व्रत. त्या यादीत टॅब्लेट नाही, आणि म्हणूनच तो मोजायचा राहून जातो. साड्यांची संख्या ठरविलेल्या घरात चार्जरांचा गुंता कोणी मोजलेला नसतो. आमच्या कपाटातून त्या फुगलेल्या टॅब्लेटसोबत तीन बंद मोबाइल, दोन इअरफोन आणि कशाच्या तरी सात वायरी निघाल्या.

वस्तू वापरात नाही म्हणजे तिचा दोष संपला, असेही नाही. सुजलेली लिथियमची बॅटरी पेट घेऊ शकते; कचरागाडीत टाकली, तर ती दाबली जाऊन आग लागण्याचा आणि कचरा वेचणाऱ्या हातांना इजा होण्याचा धोका असतो. प्रयोजनावाचून होणाऱ्या पापाला आपण अनर्थदंड म्हणतो. न वापरलेले यंत्र विकत घेऊन ते उकिरड्यावर टाकणे याला आजच्या काळातील दुसरे चांगले उदाहरण मला सुचत नाही. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचऱ्याच्या नियमांनुसार अशा वस्तूंच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे आणि अधिकृत पुनर्चक्रकांची नोंदणी होते. तेव्हा जुने यंत्र विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलनाकडेच द्यावे, भंगाराच्या गाड्यावर नव्हे.

परिग्रहाचे मूळ वस्तूत नसून मूर्च्छेत, म्हणजे आसक्तीत आहे, हे आपण प्रवचनांतून ऐकत आलो आहोत. परंतु या वचनाचा आधार घेऊन 'माझी आसक्ती नाही' असे म्हणत वस्तू वाढवीत जाण्याची वाटही आपणच काढली आहे. आसक्ती आहे की नाही हे मोजण्याचे साधन कोणाजवळ नसते. वस्तू किती आहेत आणि कितीदा वापरल्या, हे मात्र मोजता येते. व्यापाऱ्याने जे मोजता येते तेथून आरंभ करावा.

नऊ दिवसांची वही

म्हणून आम्ही खरेदी पुढे ढकलली आणि भाच्याकडून त्याचा टॅब्लेट नऊ दिवसांसाठी मागून आणला. नव्याचे जे नऊ दिवस असतात, ते उसन्या वस्तूवरच काढून टाकावेत, एवढाच हेतू. शेजारी एक वही ठेवली. रोकडवहीप्रमाणे तारीख, कोणी वापरला, कोणते काम केले, किती मिनिटे, एवढ्याच नोंदी. कोणावर देखरेख नव्हती. प्रत्येकाने आपली नोंद आपण करायची.

नऊ दिवसांनी मेळ घातला. दुकानात टॅब्लेट दोनदा उघडला गेला. एकदा बार्शीहून आलेल्या व्यापाऱ्याने नमुने पाहिले, "छान आहेत" म्हणाला आणि लगेच हात थप्पीकडे नेला. कापडाचा पोत बोटांनाच कळतो. दुसऱ्या वेळी गिऱ्हाईक म्हणाले की हीच चित्रे माझ्या व्हॉट्सॲपवर पाठवा. ती मोबाइलवरूनच गेली. कन्येच्या नावावर एकूण ११ तास होते. पैकी अभ्यासाचे ४ तास, असे तिने स्वतःच लिहिले होते. त्या नोंदीचे मला टॅब्लेटपेक्षा अधिक मोल वाटले.

आईच्या नावापुढे पहिले दोन दिवस शून्य होते. तिला तो पडदाच नको होता. "ज्याच्यावर तुम्ही सिनेमे पाहता, त्याच्यावर मी शास्त्र वाचू?" असे ती म्हणाली. तिची शंका पोकळ नव्हती, म्हणून तिला उत्तर देण्याऐवजी मी आपल्याच गावची एक जुनी गोष्ट सांगितली.

शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी सोलापुरातून 'जैन बोधक' मासिक सुरू केले, त्याला सुमारे १४० वर्षे झाली. धर्मग्रंथ छापावेत की नाही, यावर त्या काळी समाजात मोठा वाद होता. छापखान्यात ग्रंथाचा विनय राहत नाही, शाई शुद्ध नसते, छापील ग्रंथ कोणाच्याही हाती पडून पायदळी जाईल, असे आक्षेप होते आणि छापील ग्रंथ मंदिरात आणण्यालाही विरोध होता. आक्षेप घेणारे धर्मनिष्ठच होते. हिराचंदशेठ मात्र ग्रंथमुद्रणाच्या बाजूने उभे राहिले. मूडबिद्रीच्या ताडपत्रांवर जुन्या कन्नड लिपीत असलेल्या धवला-जयधवला या सिद्धांतग्रंथांच्या नकला व्हाव्यात, यासाठी मुंबईचे शेठ माणिकचंद यांच्यासह त्यांनी जे प्रयत्न केले, त्यांतून १८९६ च्या सुमारास सुरू झालेले नकलेचे काम पाव शतक चालले. पुढे डॉ. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली अमरावतीहून १९३९ मध्ये धवलेचा पहिला खंड छापून आला. ज्या ग्रंथाचे शतकानुशतके केवळ दर्शन घडत होते, तो वाचता येऊ लागला. त्याच्या सुधारित आवृत्त्या नंतर आपल्या सोलापूरच्या जैन संस्कृती संरक्षक संघाने काढल्या. या संघामागे ज्यांचे आयुष्य उभे आहे, त्या ब्रह्मचारी जीवराज गौतमचंद दोशी यांनी आपली संपत्ती ग्रंथोद्धाराला दिली. स्वतःचा परिग्रह उतरविणाऱ्या माणसाने इतरांच्या स्वाध्यायाचे साधन वाढविले, ही गोष्ट या विषयात विसरण्यासारखी नाही.

ताडपत्रावरून कागदावर येताना विनय सुटला नाही, कारण वाचणाऱ्यांनी तो जपला. पडद्यावरही तो जपावा लागेल; यंत्र आपण होऊन तो जपणार नाही. आईची शंका याच अर्थाने योग्य होती. म्हणून तिने दोन अटी घातल्या: ज्यावर शास्त्र वाचायचे त्यावर दुसरे काही पाहायचे नाही, आणि तो चौरंगावरच राहील, पलंगावर जाणार नाही. तिसऱ्या दिवशी नातीने आजीच्याच रत्नकरंडक श्रावकाचाराच्या पानांची छायाचित्रे घेतली, एकेका परिच्छेदाचे वेगळे चित्र केले, म्हणजे ओळ सरकवावी लागू नये. त्या दिवशी आईची नोंद १० मिनिटांची होती. नवव्या दिवशी ती ३५ मिनिटे बसली.

निर्णय

निर्णय वहीनेच केला. दुकानासाठी टॅब्लेट घ्यायचा नाही. मोबाइल पुरेसा आहे. कन्येसाठी आता घ्यायचा नाही. व्याख्याने दुकानातील संगणकावर संध्याकाळी ऐकावीत, परीक्षेनंतर पुन्हा विचार करू. आईसाठी घ्यायचा, पण नुकताच आलेला नव्हे. त्याच कंपनीचा गतवर्षीचा, ११ इंची पडद्याचा, सिमकार्डाची सोय नसलेला. बिल माझ्या व्यक्तिगत नावावर. कपाटातील फुगलेला टॅब्लेट आणि तीन मोबाइल ई-कचरा संकलनाकडे द्यायचे.

एवढे ठरल्यावर आईने विचारले, "घरातून काय जाणार ते सांगितलेस. माझ्यातून काय जाणार?" बारा वर्षांपूर्वी तिने आपल्या वस्तूंची मर्यादा बांधून घेतली आहे. एका लहान वहीत ती लिहिलेली आहे. त्यात 'ग्रंथ व स्वाध्यायाची साधने' या सदरात २५ हा आकडा आहे आणि तो भरलेला आहे. टॅब्लेट घराच्या मालकीचा समजावा, तुझ्या यादीत धरू नये, असे मी सुचविले. ती हसली. दुकानाच्या बिलाला मी जे उत्तर दिले होते, तेच तिने मला दिले: ज्याच्या उपयोगाची वस्तू, त्याच्याच नावावर तिची नोंद हवी.

तिने आपल्या कपाटातून बारीक टाइपातील एक जाडजूड ग्रंथ काढला. लग्नानंतर काही वर्षांनी तिच्या वडिलांनी तो दिला होता. पाठशाळेत शिकविणाऱ्या एका तरुण मुलीला तो दिला. मी म्हणालो, निदान हा तरी ठेव. ती म्हणाली, "मला दिसत नाही, तिला दिसते." नंतर चष्मा सारखा करून वहीत मोठ्या अक्षरांत लिहिले: ग्रंथ २४, टॅब्लेट १, एकूण २५.

वाचकहो, यंत्र चांगले की वाईट, हे सांगणारे पुष्कळ भेटतील, आणि ते बहुधा खरेच सांगतील. आपल्या घरात त्याला काम आहे का, हे मात्र बाहेरचा कोणी सांगू शकणार नाही. तेव्हा या दिवाळीत नवा टॅब्लेट मनात भरला असेल, तर आधी कोणाचा तरी नऊ दिवस मागून आणावा आणि शेजारी एक वही ठेवावी. दहाव्या दिवशी मेळ घालावा. तो जुळला, तर आनंदाने घ्यावा, योग्य नावावर घ्यावा. आणि एक वस्तू आत येताना कोणती बाहेर जाणार, हे त्याच दिवशी ठरवावे.